‘मीही कोणीतरी आहे’: नंदुरबारच्या पाड्यांवर येशूवरची श्रद्धा लोकांना नेमकं काय देते?

जुलै २०२५. मुंबईत पावसाळी अधिवेशन सुरू होतं. विधानसभेत धुळे आणि नंदुरबारच्या आदिवासी भागातल्या अनधिकृत चर्चचा विषय निघाला. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी सभागृहात सांगितलं की, चौकशी करू आणि सहा महिन्यांत अशी बांधकामं पाडू. मग सोशल मीडियावर नेहमीचे दोन गट आमनेसामने आले. एका गटाचं म्हणणं, ‘तांदळाच्या पोत्यासाठी धर्म विकला.’ दुसऱ्या गटाकडे व्हिडिओ, ‘प्रार्थनेने आजार पळाला, प्रभूची स्तुती असो.’

या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न राहून गेला. नवापूरजवळच्या एखाद्या पाड्यावर दर रविवारी पत्र्याच्या शेडमध्ये तीन-तीन तास मांडी घालून बसणाऱ्या बाईला तिथे मिळतं तरी काय? तांदळाचं पोतं एकदा मिळेल, दोनदा मिळेल. वर्षानुवर्षं, शेजाऱ्यांचे टोमणे खाऊन, कुठलीही बाई पोत्यासाठी तिथे बसणार नाही.

फसवून किंवा धमकावून धर्म बदलायला लावणं चूकच आहे, त्यावर वाद नाही. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तर स्पष्ट सांगितलंय की, संविधानाच्या कलम २५ मध्ये धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नाही. तो विषय वेगळा. इथे आपण समजून घेणार आहोत ती श्रद्धेची आतली बाजू. म्हणजे ‘मला आता भीती वाटत नाही’ आणि ‘मला किंमत आहे’ ही दोन वाक्यं माणूस कशाच्या जोरावर बोलतो.

आधी जिल्हा बघा

१ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. उत्तरेला नर्मदा, मधे सातपुडा, खाली तापी. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण साडेसोळा लाख, त्यातले जवळपास ६९ टक्के आदिवासी. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, गावित, तडवी. साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे त्या जनगणनेत राज्यात सर्वात कमी. नीती आयोगाने २०२१ मध्ये गरिबीचा बहुआयामी निर्देशांक काढला, तेव्हाही राज्यातला सर्वात गरीब जिल्हा नंदुरबारच निघाला. जिल्ह्यातली निम्म्याहून जास्त माणसं त्यात गरीब ठरली होती.

आणखी एक गोष्ट, जी स्पर्धा परीक्षेवाल्यांना पाठ असते. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. बारा आकडी ओळख सगळ्यात आधी यांना मिळाली. पण दिवाळीनंतर हीच माणसं ट्रकमध्ये बसून गुजरातेत ऊस तोडायला जातात, तेव्हा त्यांना तिथे नाव नसतं. मुकादमाच्या वहीत ती ‘कोयता’ असते. नवरा-बायको मिळून एक कोयता.

आत्मसन्मान हा शब्द शहरात आपण वर्कशॉपमध्ये ऐकतो. इथे तो कुठून सुरू होतो, हे या ‘कोयता’ शब्दावरून लक्षात यावं.

येशूचे लोक इथे आले कधी?

‘हे सगळं गेल्या दहा वर्षांतलं आहे’ असा समज असेल तर तो काढून टाका. १८९० साली फ्रेडरिक फ्रॅन्सन नावाच्या स्वीडिश वंशाच्या धर्मोपदेशकाने स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशन सुरू केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे मिशनरी तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारमध्ये पोचले. पुढे १९४९ मध्ये या संस्थेचं नाव ‘द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन’ झालं. नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल १९४२ पासून आहे आणि आज ते इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन ही भारतीय संस्था चालवते. म्हणजे नवापूर भागातल्या काही घरांमध्ये आजी-पणजीपासून बायबल आहे. तिथला तरुण ‘धर्मांतरित’ नाही, तो जन्मानेच ख्रिस्ती आहे. दुसरीकडे गेल्या काही दशकांत छोटी स्वतंत्र चर्चही उभी राहिली. त्यांचे पास्टर बहुतेक स्थानिक आदिवासीच असतात आणि उपासना मावची, भिली, पावरी बोलींत होते. मावची ख्रिस्ती गाणी यूट्यूबवर शोधून बघा, ढोलकीचा ठेका अस्सल तिथलाच आहे.

दवाखान्याला ‘आमिष’ म्हणायचं का? हा प्रश्न येणारच. माझं मत असं की, ज्या भागात बाळंतीण झोळीतून न्यावी लागल्याच्या बातम्या अजून येतात, तिथे ऐंशी वर्षं चालणारा आणि सगळ्या धर्मांच्या रुग्णांना तपासणारा दवाखाना हा आमिषापेक्षा सोयीचा प्रश्न जास्त आहे. पण दवाखान्यात गेलेला प्रत्येक जण ख्रिस्ती होत नाही, उलट कधीच दवाखान्यात न गेलेले होतात. त्यामुळे या एका कारणाने सगळं उलगडत नाही.

शिकवण काय सांगते?

ख्रिस्ती श्रद्धेत माणसाच्या किमतीबद्दल दोन पायाभूत गोष्टी आहेत. पहिली, बायबलच्या पहिल्याच पुस्तकात येते. देवाने माणसाला स्वतःच्या प्रतिरूपात घडवलं, पुरुषाला आणि स्त्रीला दोघांनाही. दुसरी म्हणजे ‘कृपा’. देवाचं प्रेम तुमच्या कामगिरीवर मिळत नाही, ते आधीच दिलेलं आहे, तुम्ही फक्त स्वीकारायचं. मार्क, पगार, जात, रंग, मुलगा झाला की मुलगी, यातलं काहीही त्या प्रेमात वाढ किंवा घट करत नाही.

हे कागदावर कोरडं वाटतं. पण येशूची हरवलेल्या मेंढराची गोष्ट घ्या. शंभर मेंढरं असलेला मेंढपाळ. एक हरवतं. तो नव्व्याण्णव रानात ठेवून त्या एकाच्या मागे जातो आणि सापडल्यावर खांद्यावर घेऊन येतो. आपण हिशेबी माणसं विचारू, ‘एकासाठी नव्व्याण्णव धोक्यात?’ सातपुड्यात बकऱ्या चारणाऱ्या पोराला मात्र ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. संध्याकाळी एक पिल्लू कमी भरलं तर काय होतं, हे त्याला माहीत असतं. आणि ज्याला कायम कोयत्यात मोजलं गेलं, त्याला ‘देव एकेकाला मोजतो’ हे ऐकताना काय वाटत असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

भीतीचा हिशेब

आता सुरक्षिततेकडे येऊ. पाड्यावर भीतीची यादी मोठी असते. सिकलसेलने पोर सारखं तापतं, सांधे धरतात. पाऊस नाही आला. सावकाराचं राहिलं. आणि त्यावर एक वेगळी भीती, कोणीतरी ‘केलं’ असेल.

सातपुड्यात डाकीण ठरवण्याची प्रथा आहे. घरात मृत्यू झाला, जनावर मेलं की एखाद्या बाईवर संशय जातो. बहुतेक वेळा ती विधवा, एकटी किंवा थोडीफार जमीन नावावर असलेली बाई असते. मग तिला मारहाण, गावाबाहेर काढणं, कधी जीवही जातो. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशा छळाला गुन्हा ठरवतो. पण कायदा पोलीस ठाण्यात असतो आणि भीती रात्री घरात असते.

या भीतीशी लढायचे दोन रस्ते दिसतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाले सांगतात की, डाकीण नसतेच. चर्च वेगळं सांगतं. ते सहसा ‘भूत नसतं’ असं म्हणत नाही. ते म्हणतं, ‘असेल, पण येशू त्याच्यापेक्षा मोठा आहे.’ विवेकवादी माणसाला हे उत्तर आवडणार नाही, मलाही पूर्ण पटत नाही. पण ते का चालतं हे समजतं. घाबरलेल्या माणसाला त्याचं जग खोटं आहे हे पटवून देण्याची गरज पडत नाही. त्याच्याच जगात त्याला एक मोठा पाठीराखा मिळतो. आणि त्यासाठी कोंबडं, बकरं, दारू लागत नाही. आजारपणात विधींवर होणारा खर्च आणि त्यातून होणारं कर्ज, हे गरीब घराला चांगलंच ठाऊक असतं.

इथे एक गोष्ट भगताच्या बाजूनेही सांगायला हवी. आदिवासींचा धर्म म्हणजे नुसती भीती नव्हे. याहामोगी माता, वाघदेव, काठीची राजवाडी होळी, अस्तंभ्याची यात्रा यांत निसर्गाशी, पूर्वजांशी आणि गावाशी घट्ट नातं आहे. भगताला झाडपाल्याची माहिती असते. अनेकांना त्यातच सुरक्षित वाटतं आणि ते कुठेही जात नाहीत. जे जातात, त्यांच्या बाबतीत बहुधा घरातल्या एखाद्या आजाराने किंवा संकटाने जुना आधार तुटलेला असतो.

दारू एकट्याने सुटत नाही

चर्चमधल्या साक्षी ऐकल्या तर एक वाक्य हमखास येतं, ‘माझा नवरा पीत होता, आता सोडली.’ साक्ष म्हणजे उपासनेत उभं राहून, देवाने माझ्या आयुष्यात काय केलं, हे सगळ्यांसमोर सांगणं.

मोहाची दारू आदिवासी भागात फक्त नशा नाही. ती देवाला चढते, जन्माला, लग्नाला, मयताला लागते, पंचांचा निवाडा झाला की फिरते. त्यामुळे ‘मी सोडतो’ म्हणणारा एकटा माणूस प्रत्येक कार्यात अडचणीत येतो. नाही म्हटलं तर नातं तोडल्यासारखं होतं. म्हणून दारू सोडायची तर सोबत एक दुसरा गट लागतो, जिथे न पिणं हीच रीत असते. चर्च हा तो गट देतं. रविवार भरतो, लग्नात शरबत चालतं, चार माणसं विचारपूस करतात. बाईच्या दृष्टीने बघा. घरातली मारहाण थांबली, मजुरीचे पैसे घरी आले, रात्री झोप लागली. तिच्यासाठी ‘प्रभूमध्ये शांती’ हा शब्द इतका ठोस असतो.

आणि हे काही फक्त ख्रिस्ती धर्मानेच केलं असं नाही. या भागाचा इतिहासच तसा आहे. १९३७-३८ च्या सुमारास तळोदा तालुक्यातल्या रंजनपूरच्या गुलाम महाराजांनी ‘आप’ चळवळ सुरू केली. एक भिल्ल माणूस. त्याने सांगितलं, दारू सोडा, रोज आंघोळ करा, आरतीला या आणि एकमेकांना ‘आप’ म्हणा. ज्यांना साहेब, सावकार, गुजर पाटील सगळेच ‘अरे-तुरे’ करत होते, ती माणसं एकमेकांना ‘आप’ म्हणू लागली. हजारोंची गर्दी जमायला लागली. गुलाम महाराज १९३८ मध्येच वारले, त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढे नेलं आणि १९४१ मध्ये इंग्रज सरकारने रामदास महाराजांना जिल्हाबंदी केली. आंघोळ आणि आरतीची सरकारला भीती वाटली, यातच काय ते आलं.

मग १९७० च्या दशकात शहाद्याची श्रमिक संघटना. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखा भिल्ल कार्यकर्ता, सोबत शहरातून आलेली तरुण मंडळी. हडपलेल्या जमिनी, सालदारांची मजुरी, आणि बायकांनी स्वतः पुढे होऊन फोडलेली दारूची मडकी. तिथे देव नव्हता, लाल झेंडा होता. पण ताठ मान तीच.

म्हणजे गरज जुनीच आहे, आणि ती गरज ओळखणारे वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या रंगाचे आले. ख्रिस्ती श्रद्धेचं वेगळेपण इतकंच की, तिने ती गरज मोर्चाच्या दिवसापुरती न ठेवता दर रविवारच्या वेळापत्रकात बसवली.

माईक हातात येणं

साक्षीबद्दल अजून थोडं, कारण मला या सगळ्यात ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. ग्रामसभेत बाई मागे बसते. शाळेत पोराच्या मास्तरांसमोर बोलताना मराठी अडखळते, कारण घरची बोली वेगळी. चर्चमध्ये मात्र तिला तिच्या बोलीत उभं राहून बोलायला सांगतात. तिची गोष्ट, तिच्या शब्दांत. समोरचे ऐकतात, मधेमधे ‘आमेन’ म्हणतात. पुढच्या आठवड्यात कोणीतरी विचारतं, ‘पोराचा ताप उतरला का?’ तिचं नाव घेऊन प्रार्थना होते.

स्वतःच्या दुःखाची गोष्ट रचून सांगता येणं आणि ती ऐकणारी माणसं असणं. शहरात यासाठी आपण काउन्सेलरला पैसे देतो.

मानसशास्त्रात याच्या जवळ जाणारा विचार आहे. जॉन बोल्बी यांनी आई-मूल यांच्या नात्याचा अभ्यास करून सांगितलं की, मुलाला दोन गोष्टी लागतात. घाबरल्यावर धावत जायला कुशी आणि जगात हिंडायला जाताना पाठीमागे कोणीतरी आहे ही खात्री. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ली कर्कपॅट्रिक यांनी पुढे मांडलं की, अनेक श्रद्धाळूंसाठी देव नेमकी हीच जागा घेतो. ‘आकाशातला बाप’ हा शब्द त्यामुळे नुसती उपमा राहत नाही. ज्याने बाप फक्त दारूच्या नशेत पाहिला, त्याला हा दुसरा बाप किती आतून भिडत असेल.

पण दुसरे संशोधक केनेथ पार्गामेंट यांनी एक इशाराही दिलाय. संकटात श्रद्धा दोन्ही प्रकारे काम करते. ‘देव माझ्या सोबत आहे’ असं मानणारा सावरतो. ‘देव मला शिक्षा करतोय’ असं मानणारा जास्त खचतो. हे पुढे लागेल, लक्षात ठेवा.

दीडशे वर्षांपूर्वीची एक बाई

मराठीत या विषयावर सगळ्यात प्रामाणिक साक्ष कुणाची असेल तर ती पंडिता रमाबाईंची. जन्म १८५८. दुष्काळात आई, वडील, बहीण गेले. भावासोबत पायी देश फिरल्या. कलकत्त्याने १८७८ मध्ये ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ पदव्या दिल्या. मग भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा गेला. हातात तान्ही मनोरमा. संस्कृतची पंडिता, पण समाजाच्या लेखी एक विधवा.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमध्ये फुलहॅमला त्यांनी एक आश्रम पाहिला, जिथे समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांची सेवा चालली होती. अशा बायकांवर कोणी प्रेमाने उपचार करतं हे त्यांना नवीन होतं. हे असं का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली गेली. परक्या जातीची, पाच नवरे झालेली बाई भर दुपारी विहिरीवर येते आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो, तिच्याशी धर्माची चर्चा करतो. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

इथे गोष्ट संपली असती तर ती प्रचारपत्रक झाली असती. पण रमाबाई स्वतःच पुढे लिहितात की, तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मनाला हवी होती ती शांती आणि खात्री त्यांना त्यानंतर तब्बल आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास मिळाली, असं त्या सांगतात. म्हणजे धर्म बदलणं आणि आतून सुरक्षित वाटणं या दोन वेगळ्या घटना होत्या.

दुसरी गोष्ट त्याहून भारी. बाप्तिस्म्यानंतर इंग्लंडमधल्या चर्चच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना काय मानावं, काय करावं हे सांगायला सुरुवात केली, तेव्हा रमाबाईंनी पत्रांतून ठणकावलं. एका पुरोहितवर्गाचं जोखड मी फेकलं, ते दुसऱ्यांचं मानेवर घ्यायला नाही, असा त्याचा आशय. ज्या श्रद्धेने त्यांना किंमत दिली, तिच्याच अधिकाऱ्यांना त्यांनी नाही म्हटलं. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या मुली आणल्या, त्यांना विणकाम, छपाई, शेती शिकवली आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत साध्या मराठीत बायबल भाषांतरित केलं.

गडबड कुठे होते?

रमाबाईंचं हे ‘नाही’ नंदुरबारच्या संदर्भात फार उपयोगी आहे. कारण तिथेही नवा पुरोहित तयार होऊ शकतो. पास्टर सांगेल तोच मुलगा, पास्टर सांगेल तीच पार्टी. श्रद्धेतून आलेला आत्मविश्वास जर एका माणसाच्या मर्जीवर टांगलेला असेल तर तो आत्मविश्वास नव्हे.

दुसरा धोका औषधांचा. ‘प्रार्थनेने बरा झाला’ या व्हिडिओंनी खरं नुकसान होतं ते इथे. टीबीचा कोर्स मधेच सोडला तर आजार उलटतो आणि औषधांना दाद देईनासा होतो. सिकलसेलच्या रुग्णाला तपासणी आणि नियमित उपचार लागतात. फेफरं आणि मानसिक आजार यांना ‘दुष्ट आत्मा’ म्हणणं तर अजिबात चालणार नाही, मग ते भगताने म्हणो की पास्टरने. आणि पोर बरं झालं नाही तर ‘तुझाच विश्वास कमी पडला’ असं आईला सांगणं म्हणजे पार्गामेंट म्हणतात तो दुसरा प्रकार. देवाच्या नावाने तिला आणखी खचवणं. गंमत म्हणजे याच जिल्ह्यात चिंचपाड्याचं ख्रिस्ती हॉस्पिटल इतकी वर्षं गोळ्या-इंजेक्शनं देतंय. म्हणजे श्रद्धा आणि औषध यांचं भांडण लावण्याची गरज ख्रिस्ती धर्मालाही नाही. मनाचा त्रास असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६ वर मोफत फोन करता येतो.

तिसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. काही चर्चमध्ये नव्या माणसाला सांगतात की, ढोल नको, होळी नको, गोंदण नको, ते सगळं अंधारातलं. मग ‘मला किंमत आहे’ हे वाक्य ‘माझ्या आजीला किंमत नव्हती’ या वाक्यावर उभं राहतं. हे अपरिहार्य नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन आणलं. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी ओवीत पूर्ण केलं. मराठी चर्चमध्ये टिळकांची गाणी आजही टाळ-मृदंगावर म्हणतात. जे अभंगाचं झालं ते पावरीच्या सुरांचं आणि ढोलाचंही होऊ शकतं, काही ठिकाणी होतंही.

नवी श्रद्धा, नवी असुरक्षितता

श्रद्धेने आतली भीती कमी केली तरी बाहेरची वाढू शकते. गावदेवाची वर्गणी दिली नाही म्हणून बोलणं बंद होतं. मयत झालं की पुरायचं कुठे, यावरून तंटा होतो. नवापूर हे राज्याच्या अगदी कडेला आहे, इतकं की, रेल्वे स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. शेजारच्या डांग जिल्ह्यात १९९८ च्या नाताळात चर्चवर हल्ले झाले होते. तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी जानेवारी १९९९ मध्ये तिथे गेले आणि धर्मांतरावर देशव्यापी चर्चा व्हावी म्हणाले. डांग आणि नवापूरच्या गावांत सोयरिकी आहेत, त्यामुळे तिथलं लोण मनात इथेही पोचलेलं असतं.

आणि मग डीलिस्टिंगची मागणी. ख्रिस्ती किंवा मुस्लिम झालेल्यांना अनुसूचित जमातीच्या यादीतून काढा, ही मागणी काँग्रेसचे खासदार कार्तिक उरांव यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस लावून धरली होती. आज जनजाती सुरक्षा मंच त्यासाठी मोर्चे काढतो. त्यांचा मुद्दा असा की, धर्म बदलून परंपरा सोडली तर जमातीच्या सवलती कशाला?

कायद्याची आजची स्थिती समजून घ्या, कारण व्हॉट्सॲपवर यात रोज घोळ होतो. अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांचे नियम वेगळे आहेत. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये त्यात शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालं की तो जातो. अनुसूचित जमातीला अशी धर्माची अटच नाही. भिल्ल ख्रिस्ती झाला तरी कागदावर भिल्लच राहतो. २००४ च्या चंद्रमोहनन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, केवळ धर्म बदलला म्हणून जमातीचा दर्जा आपोआप जात नाही. पण ती व्यक्ती अजून जमातीची सदस्य आहे का, तिच्या चालीरीती पाळते का, हे प्रत्येक प्रकरणात पुराव्यावरून तपासता येईल.

म्हणजे काही पास्टर ज्या होळीच्या ढोलाला ‘सोडून दे’ म्हणतात, तोच ढोल उद्या एखाद्या तरुणाला आपण आदिवासी असल्याचा पुरावा म्हणून दाखवावा लागू शकतो.